न येणारा चौथा दिवस

कुंभकोणम्
३ जून २०२४

भुवनाक्का,

नमस्कार. आधी शुद्धलेखन तपासू नकोस, बातमी वाच. मग हवं तर लाल शाईने खुणा करून पुण्याहून परत पाठव.

पुण्याला सासरी शिकून आलीस आणि दोन उन्हाळे कान धरून तू मला देवनागरी शिकवलीस, त्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं. या घरात सगळे मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ. अप्पांची अभंगांची पोथीसुद्धा तमिळ लिपीतली. त्यामुळे हे पत्र उघडं पडलं तरी कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, माझ्या बापाला तर नाहीच. फोनवर बोलावं, तर आपल्या घरातला फोन म्हणजे सार्वजनिक नळ. एकजण बोलतो आणि तिघं भरून घेतात.

तर बातमी. फेब्रुवारीत एका सकाळी मला लघवी झाली नाही. म्हटलं, होईल. शाळेत गेले, दिवसभर गणित शिकवलं. कळ नाही, दुखणं नाही, काहीच नाही. संध्याकाळी पोट टणक लागलं म्हणून अम्माने दवाखान्यात नेलं. नळी घातल्यावर लिटरभराच्या वर निघालं. नर्स एकदा पिशवीकडे बघे, एकदा माझ्याकडे. "तुला दुखतच नव्हतं?" तिने विचारलं. नव्हतं गं! माझ्याच पोटात एवढं साठलं होतं आणि मला पत्ता नव्हता. तो धक्का अजून उतरलेला नाही.

नंतर तीनदा नळी काढून पाहिली. तिन्ही वेळा तेच. डॉक्टर पवित्रा म्हणतात, आतला स्नायू सैल सोडायचं विसरलाय, आणि भरल्याची जाणीवही वर पोचत नाही. तरुण मुलींना क्वचित होतं हे. दर वेळी आपली आपण नळी घालून रिकामं करायची पद्धत असते, तीही शिकले. पण बाहेर काढताना आतून कुणी धरून ठेवावी तशी नळी अडकते. मी इतकी किंचाळले की बाहेरच्या बाकावर बसलेले अप्पा रडायला लागले.

म्हणून आता नळी आतच असते आणि मांडीला एक पिशवी. पंचविसाव्या वर्षी. सलवारखाली दिसत नाही. पण शाळेला जाताना साक्कोट्टैच्या बसमध्ये उभी राहिले की भरलेली पिशवी मांडीला ऊब देते, आणि प्रत्येक वेळी वाटतं, आख्ख्या बसला कळलंय.

घरचे छान सांभाळतात. काळजी करू नकोस.

तुझी,
सुष्मिता

*

पुणे
१२ जून २०२४

सुष्मी,

पत्र ऑफिसातून आल्या आल्या उभ्यानेच वाचलं आणि तशीच जिन्याच्या पायरीवर बसले. विश्वेश विचारत राहिला काय झालं. नवऱ्यापुढे माझी बोलती बंद झाली हे लग्नानंतर पहिल्यांदाच.

फेब्रुवारी? फेब्रुवारीत झालं आणि मला जूनमध्ये कळवतेस? मध्ये किती वेळा फोन केला मी! काका म्हणाले, "सुष्मी शाळेंत." काकू म्हणाली, "सुष्मी निजली." आत्याने तर मला अर्धा तास आंबोळीच्या पिठाबद्दल सांगितलं. एका घरात चार माणसं, आणि चौघांचं एकमत! आपल्या घराण्यात हा चमत्कारच.

सुष्मी, मला राग आलाय आणि रडूही येतंय. मी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर काका-काकूंनी मला त्याच घरात वाढवलं. तुला अंघोळ घातलीय मी. आणि आता तू अशा अवस्थेत बसने शाळेत जातेस, आणि मी इथे पडद्यांचे रंग निवडत होते.

एक बरं, की तू घरी आहेस. काकू आहे, आत्या आहे. आत्या कितीही कडक असली तरी आजारी माणसाचं करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. मला गोवर आला तेव्हा तिने रात्रंदिवस केलं होतं. म्हणून तेवढी मी निश्चिंत आहे.

पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं का? उलट टपाली लिही. खरं लिही.

तुझी अक्का,
भुवना

*

कुंभकोणम्
३० जून २०२४

अक्का,

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. "घरचे छान सांभाळतात" हे खोटं होतं.

मी मार्चपासून बाहेरच्या ओट्यालगतच्या खोलीत राहते. तीच, जिथे तू आणि मी महिन्याचे तीन दिवस बसायचो, पत्ते खेळायचो, आणि अम्मा उंबऱ्यावरून ताट सरकवायची. तीच खोली, तेच ताट, तीच चटई.

पिशवी लागली त्याच आठवड्यात आत्याने निकाल दिला. तुझ्या सासरी ज्याला सोवळं म्हणतात ती आपली मडी, आणि आत्या तिची सर्वोच्च न्यायाधीश. ती ओरडली नाही. ओरडली असती तर भांडता आलं असतं. शेजारी बसून, पण अंतर राखून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "पोरी, तसलें अंगास बांधून देवाच्या घरांत कसें यावें? तुजवर राग नाहीं माझा. तीन दिवस बसतेस ना, तशी बस."

तीन दिवस! त्या तीन दिवसांना चौथा दिवस असतो, अक्का. न्हायचं, केस मोकळे सोडायचे आणि आत जायचं. माझा चौथा दिवस कुठला? तो येतच नाही. रोज सकाळी उठते आणि पहिलाच दिवस असतो.

अप्पा लाडाने म्हणतात, "मोठ्यांनीं सांगितलें ना कण्णा, थोडे दिवस." पितळेच्या समया विकणारा हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करतो, आणि घरात बहिणीपुढे पहिल्याच किमतीला गप्प.

अम्मा काहीच म्हणत नाही. आत्या देवळात गेली की ती माझ्याकडे येते, वेणी घालते, पाय चेपते, मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून न्हाते आणि पुन्हा स्वयंपाकघरात शिरते. रोज. तिचे केस आता वाळतच नाहीत.

शनिवारी भजन असतं. अप्पांच्या मागे दुसरा आवाज माझा असायचा. आता मी खिडकीतून ऐकते. परवा अप्पांचा सूर घसरला, मी खोलीतून उचलून धरला. आत सगळे क्षणभर थांबले आणि मग जणू काही ऐकलंच नाही असं पुढे गायला लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुण्याला बोलावू नकोस. मला बरं व्हायचंय, पण त्याआधी मला आत जायचंय. तूर्त एवढंच हवंय मला.

आणि तुला माझी शपथ आहे, फोन करून आत्याला झापायचं नाही. भोगायचं मला आहे.

सुष्मिता

*

पुणे
९ जुलै २०२४

सुष्मी,

शपथ घातलीस म्हणून फोन खाली ठेवला. दोनदा उचलला होता.

माझा अजून विश्वास बसत नाही. गोवरात माझ्या अंगावर कडुलिंबाचा पाला फिरवणारी आत्या ती हीच का? हे २०२४ साल आहे ना? मी हे माझ्या सासूबाईंना सांगितलं, त्या स्वतः सोवळं पाळणाऱ्या, त्याही थक्क झाल्या. म्हणाल्या, "अगं, आजाऱ्याला कसलं आलंय सोवळं!" मला शरम वाटली. तुझी नाही, आपल्या घराची.

पण नुसतं चरफडून काय होणार. तुझं पहिलं पत्र आल्यापासून दोन आठवडे मी माहिती काढत बसले होते. तर ऐक. नळीच्या टोकाला पिशवीऐवजी एक छोटी तोटी बसवता येते. बोटाएवढी. बंद ठेवायची आणि ठरल्या वेळी संडासात जाऊन उघडायची. बाकी वेळ अंगाला काही बांधलेलं नाही! सगळ्यांना चालतेच असं नाही म्हणे, म्हणून आधी डॉक्टर पवित्रांना विचार. त्या हो म्हणाल्या तर मी पाठवते.

पिशवीच नसेल, तर आत्या कशावर बोट ठेवणार? बघू या न्यायाधीशबाईंना.

भुवना

*

कुंभकोणम्
२२ सप्टेंबर २०२४

अक्का, अक्का, अक्का!

तुझं पार्सल मागेच मिळालं. मुद्दामच लिहिलं नव्हतं, म्हटलं आधी जमतंय का बघू. जमलं! डॉक्टर पवित्रांनी आधी दवाखान्यातच बसवून पाहिली. त्यांची एकच अट, आणि ती त्यांनी मला, अम्माला आणि अप्पांना तिघांना वेगवेगळी सांगितली: हिला भरल्याचं कळत नाही, म्हणून घड्याळाने कळवायचं. दर तीन तासांनी तोटी उघडायची म्हणजे उघडायची. बंद राहिली तर मूत्र उलटं वर चढतं, आणि नळी असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. मी फोनवर गजर लावलेत. शाळेत गजर झाला की पोरी आता स्वतःच म्हणतात, "मिस, तुमची बेल."

खरी बातमी पुढे आहे. ५ ऑक्टोबरला, पुरट्टासी महिन्यातल्या शनिवारी, आपल्याकडची वर्षाची समाराधना, पूजा, भजन, जेवणं सगळं. अम्माने धीर करून आत्यासमोर विषय काढला. मी भिंतीला कान लावून उभी.  आत्या म्हणाली, "पिशवी नाहीं ना अंगास? मग न्हाऊं दे आणि येऊं दे. गाऊं दे पोरीस. तिच्यावांचून तिच्या बापास सूर सांपडत नाहीं."

अक्का, मी नाचले! नळी सांभाळून, पण नाचले.

अडचण एकच. मडीत असताना संडासात गेलं की पुन्हा न्हायचं, पुन्हा ओलं नेसायचं. नैवेद्य होईपर्यंत आत्याला ते खपणार नाही. पण अम्मा म्हणाली, "तूं गा. घड्याळ मीं पाहतें. वेळ झाली कीं मीं उठवतें, मग वन्सं काय म्हणायचें तें म्हणूंदेत."

मी आत जाणार आहे. मार्चनंतर पहिल्यांदा. हे सगळं तुझ्यामुळे.

तुझी नाचरी,
सुष्मिता

*

पुणे
९ ऑक्टोबर २०२४

सुष्मी,

हे पत्र तुझ्या हाती कधी पडेल माहीत नाही. पडेल ना?

समाराधनेच्या संध्याकाळी मी फोन केला, गाणं कसं झालं विचारायला. कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "थोडा ताप आहे." तिसऱ्या दिवशी काकूने उचलला आणि नुसती रडली, एक शब्द बोलली नाही. मग मी डॉक्टर पवित्रांचा नंबर मिळवला.

थोडा ताप! तुला तंजावरला अतिदक्षता विभागात ठेवलंय. मूत्रपिंडातून विष रक्तात गेलंय. डॉक्टर म्हणाल्या, तोटी सकाळपासून दुपार उलटून जाईपर्यंत बंदच होती. त्यांनी मला विचारलं, "एवढा वेळ बंद ठेवायला कुणी सांगितलं?"  मी म्हटलं, "तोटी मी पाठवली होती."  त्यांचा प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

तोटी बिघडली का गं? अडकली का? मी नीट पारखून घ्यायला हवी होती. पारखायला मला काय कळतं? दोन आठवडे इंटरनेट चाळलं आणि शहाणी झाले! आत्याची जिरवायला निघाले होते मी, आणि जीव तुझा टांगणीला लागला.

उद्याच्या विमानाने निघतेय. हे पत्र बरोबर आणते. तू शुद्धीवर असलीस तर हातात देईन. नसलीस तर उशाशी ठेवीन.

भुवना

*

कुंभकोणम्
१७ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तू आलीस, दवाखान्यात माझ्या उशाशी बसलीस, आणि रोज एकच वाक्य बोललीस, "माझी चूक." मी तेव्हा गप्प राहिले. तोंडात नळ्या होत्या तोवर ठीक, पण नंतरही गप्प राहिले, कारण मला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. मी गात होते, झांजा वाजत होत्या, मग थंडी भरली, दात वाजायला लागले, एवढंच आठवत होतं. मला वाटलं, गजर लावायलाच विसरले असेन. आता ठाऊक झालंय, आणि तुला कळवायलाच हवं.

तुझी तोटी चांगली होती. गजरही झाला होता.

हे मला अम्माने सांगितलं. दवाखान्यातून घरी आल्यावर, मांडीला पिशवी बांधता बांधता, मान वर न करता. मी विचारलंही नव्हतं.

माझा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. पट्टीश्वरम्‌हून येणारी भजनी मंडळी उशिरा आली, म्हणून नैवेद्यही लांबला. गजर झाला तेव्हा अम्मा देवापुढे पान वाढत होती. मडीत फोनला हात लावायचा नाही, म्हणून तिने पळीच्या दांड्याने बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा दाबलं. असं किती वेळा, तिलाही सांगता आलं नाही.

"तूं उठली असतीस तर परत न्हाणें, परत ओलें नेसणें," ती म्हणाली. "वन्सं म्हणाल्या असत्या, बघ, हिचें हें असेंच, आणि परत बसूं दिलें नसतें. तूं किती छान गात होतीस. मज वाटलें, एक दिवस. एक अख्खा दिवस माझी पोर आंत बसूं दे."

"आणि मला थंडी भरली तेव्हा?"

"पाहिलें मीं. आरती राहिली होती."

अक्का, आत्यावर रागवायला मला सात महिने पुरले. कणभरही अपराधी वाटलं नाही. पण हिच्यावर कसं रागवायचं? जिचे केस माझ्यापायी वाळले नाहीत, तिनेच मला मरायला टेकवलं, आणि तेही मला आत बसवायच्या हौसेने! मी सुन्न झाले. दवाखान्यात मरणाच्या दारात असताना सुद्धा इतकी हादरले नव्हते. आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणायला सोपं आहे. रक्त आलं की कळतं. मी अम्माशी बोलणं सोडलं. पूर्ण.

तिने समजूत घातली नाही. माफीही मागितली नाही. दुसऱ्या सकाळी तिने माझी पिशवी आपल्या हाताने रिकामी केली, हात धुतले, आणि विहिरीकडे न जाता आपली चटई आणि ताट माझ्या खोलीत आणून ठेवलं. आत्याला ओट्यावरूनच म्हणाली, "वन्सं, मींही बाहेरची. मीं हिचें करणार. आंत आतां तुम्हीं बघा."

आत्या आधी हसली. मग दुपार झाली. चूल थंड. आत्याचे गुडघे तुला ठाऊक आहेत, तिला जमिनीवरच्या चुलीपुढून उठवायला दोन माणसं लागतात. अप्पा हॉटेलात जाऊन इडली खाऊन आले, चोरासारखे. आत्या बाहेरचं पाणीही पीत नाही. ती केळी आणि दुधावर राहिली.

अम्माने आमच्या खोलीत विजेची शेगडी मांडली. रोज साधा भात, आंबट वरण, एखादी भाजी. ती रांधायची, माझ्यापुढे ठेवायची आणि मी पहिला घास घेईपर्यंत स्वतः खायची नाही. मी मुद्दाम वेळ लावायची. हो, लावायची. एवढी दुष्ट मी झाले होते. दोन दिवस तर मी जेवलेच नाही, आणि तीही नाही.

काल दुपारी वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि आत्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या पलीकडे. चेहरा उतरलेला. "श्रीदेवी," ती अम्माला म्हणाली, "मीं काय खाऊं?"

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला आनंद होईल. नाही झाला. म्हाताऱ्या माणसाने भुकेने असं विचारावं, हे ऐकून मला धसकाच बसला.

अम्मा शांतपणे म्हणाली, "इथें या. बसा. वाढतें."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं, माझ्या मांडीलगतच्या पिशवीकडे पाहिलं. त्या वेळी पिशवी अर्धी भरलेली होती आणि मी ती झाकली नाही. मग तिने भिंत धरली, उंबरा ओलांडला आणि कण्हत माझ्या शेजारी खाली बसली. आत्या! त्या खोलीत!

अम्माने तिच्यापुढे केळीचं पान मांडलं, आणि मांडून ती तशीच बसून राहिली. माझ्याकडे बघत. वाढायला हलली नाही.

मी उठले. पिशवी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने भात वाढला. आत्याच्या पानावर, मी. तिचा हात पानाजवळ थबकला. म्हटलं, आता उठते. पण तिने वरणासाठी भातात आळं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडें अधिक वाढ. किती दिवस झाले, अन्न नाहीं पोटांत."

आत्या जेवली. अम्मा भांड्यांपाशी तशीच बसलेली. ओठ सुकलेले.

"अम्मा, तुझं पान कुठाय?" मी विचारलं. त्या दिवसानंतर तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

राग गेलेला नाही, अक्का. तो इतक्यात जाईल असं वाटतही नाही. पण ती उपाशी होती.

तुझी,
सुष्मिता